दंड भरणारा ठेकेदार

मंगळवार, २२ जानेवारी १९२९. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी नंदुरबार स्टेशनाजवळच्या कापसाच्या जिनमध्ये सरकी काढणाऱ्या सोळा नंबरच्या चरख्याने मगन नरोत्तम पाटील यांच्या उजव्या हाताची तीन बोटे नेली. इंजिन थांबले सात वाजून एकतीस मिनिटांनी. मधली अकरा मिनिटे बाकीचे तेवीस चरखे चालू होते.

या वेळा टाइमकीपरच्या वहीतल्या आहेत. टाइमकीपर म्हणजे चुनीलाल, मगनचा धाकटा भाऊ. त्याने आधी वेळ लिहिली, टाक खाली ठेवला आणि मग धावला. हा क्रम त्याने घरात कुणाला सांगितला नाही.

सोळा नंबरला काय बिघडले होते याबद्दल दुमत नाही. चरख्याच्या लाकडी रुळावरच्या चामड्याचा जोड सुटला होता आणि त्यात कपाशी गुंडाळत चालली होती. एकच चरखा थांबवायचा तर पट्टा रिकाम्या चाकावर सरकवावा लागतो. तो सरकवायचा दांडा सोळा नंबरला दिवाळीपासून मोडलेला होता. मगनने इंजिन थांबवायला सांगितले. साइडिंगला मालगाडीच्या दोन वाघिणी उभ्या होत्या आणि कापसाच्या गासड्या नऊच्या आत भरायच्या होत्या. मॅनेजर म्हणाला, चालू पट्ट्यावरच सोडव. मगनने हात घातला. त्याच्या हाताखालच्या गोवालने बांबूने पट्टा उडवून लावला, म्हणून मनगट राहिले.

दुमत पुढच्या गोष्टीबद्दल आहे. मगन हा कंपनीचा कोण?

*

गुरुवारी दुपारी चारला मॅनेजरने चुनीलालला आत बोलावले.

"बसा, पाटील."

नऊ वर्षांत त्या खोलीत चुनीलालला कुणी बसा म्हटले नव्हते. तो खुर्चीच्या कडेला टेकला.

"कसा आहे भाऊ?"

"सरकारी दवाखान्यातून काल आणला. ताप आहे."

"वाईट झालं. कंपनीलाही वाईट वाटतं." मॅनेजरने एक कागद त्याच्यापुढे सरकवला. "वाचा. तुमचं अक्षर आमच्यापेक्षा चांगलं, पण हे मीच लिहिलं."

चुनीलालने वाचले. 'मी मगन नरोत्तम पाटील, स्वतंत्र ठेकेदार, लिहून देतो की, चरखे दुरुस्तीचे काम मी माझ्या जोखमीवर घेतले असून मला झालेली इजा माझ्याच हलगर्जीपणामुळे झाली. कंपनीने दयाबुद्धीने दिलेले रुपये पंच्याहत्तर पावले. यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा कंपनीवर कसलाही दावा नाही.'

"उद्या दहापर्यंत सही हवी."

"त्याचा उजवा हात, साहेब..."

"डावा अंगठा चालेल."

मॅनेजरने कागदाची घडी केली आणि स्वतःच्या हाताने चुनीलालच्या कोटाच्या खिशात घातली.

"आणखी एक. तुमच्या क्वार्टरमध्ये बाहेरचा माणूस राहतोय, असं कानावर आलं. क्वार्टर पगारी लोकांसाठी असतात. तुम्ही आमचे, म्हणून आज सांगतोय, नोटीस काढत नाही. पगारी माणसाला कंपनी घरचा समजते, पाटील. ठेकेदाराशी व्यवहार असतो."

हा 'बाहेरचा माणूस' म्हणजे मगन, दिवाळीपर्यंत अकरा वर्षे त्याच चाळीत, तीन दारे सोडून राहत होता. आश्विन संपेपर्यंत तो चाळीस रुपये पगाराचा फिटर होता. दिवाळीत कंपनीने त्याला उक्ते काम दिले. हंगामाच्या पाच महिन्यांत महिन्याला ऐंशी रुपये मिळणार होते. चामडे, तेल आणि मदतनीस त्याचा. हंगाम संपला की व्यवहार संपला. क्वार्टर त्याच आठवड्यात खाली झाले आणि मगन आणि त्याची बायको जमनाबाई गावात भाड्याच्या खोलीत गेले. कालपासून ते चुनीलालकडे होते, कारण दवाखान्याचा कंपाउंडर पट्टी बांधायला जिनच्या चाळीपर्यंतच येत होता.

*

चुनीलाल घरी पोचला तेव्हा दारात बैलगाडी सुटलेली होती. दोघा भावांची आई सुगंधाबाई लोणखेड्याहून तापी ओलांडून आली होती. बरोबर ज्वारीचे पोते, एक केळीचा घड आणि गड्याकडून ऐकलेली अर्धी बातमी. आल्या आल्या तिने मुलाच्या हातावरची पट्टी पाहिली, बोटे मोजली आणि भिंतीला पाठ लावून बसली. आता ती बोलत होती.

"मी सांगं व्हतं. पगार सोडू नको. बाप तुन्हा काय सांगी गया? बारा महिनानी भाकर लहान ऱ्हास, पन रोज ऱ्हास."

"माय, तू नई सांगं," मगन खाटेवरून म्हणाला. आवाज तापाने जड झाला होता. "तू पेढा वाटात. अख्खा लोणखेडामा. मन्हा मगन ठेकेदार व्हयना म्हनीसन."

हे खरे होते. सुगंधाबाईने एकशे एक पेढे वाटले होते. भाऊबंदांपैकी कुणीच आजवर ठेकेदार झाला नव्हता. पगारी माणूस दुसऱ्याचा असतो, ठेकेदार स्वतःचा असतो, हे तिला चुलत्या-पुतण्यांना दाखवायचे होते. भाऊबिजेला मगनने केशरी फेटा बांधला तेव्हा तिनेच तो सरळ केला होता.

"पेढा वाटा ते चुकनं," ती म्हणाली. "पन हात घाल म्हनीसन मी सांगं नई."

जमनाबाई चुलीशी होती. चूल मोंघीबाईची, चुनीलालच्या बायकोची. दोघी जावा एकमेकींकडे न बघता भाकरी करत होत्या, एक थापत होती, दुसरी भाजत होती. चुनीलालने कागद काढला तसे दोघींचे हात थांबले.

त्याने वाचून दाखवला. 'हलगर्जीपणा' या शब्दावर त्याचा आवाज उतरला.

"पुन्हा वाच," मगन म्हणाला.

"भाऊ, सगळं..."

"तेवढंच वाच."

चुनीलालने तेवढे पुन्हा वाचले.

"अकरा वरीस," मगन म्हणाला, "मन्हा हातना एक चरखा हंगाममा दोन घंटाना वर बंद ऱ्हायना नई. मी त्याले सांगं, इंजिन थांबाड. तीन खेप सांगं. गोवाल उभा व्हता. आणि हलगर्जी मन्ही?"

"पंच्याहत्तर रुपया शेत," जमनाबाई हळूच म्हणाली.

मगनने तिच्याकडे पाहिले.

"खोलीनं भाडं थकेल शे," ती चुलीकडे पाहत म्हणाली. "दवाखानानी बाटली रोज आठ आना. मी नको म्हनत नई, हो बी म्हनत नई. पंच्याहत्तर शेत, एवढंच म्हनस."

मोंघीबाईने पदर पुढे ओढला. थोरल्या दिराशी बोलायची तिला मुभा नव्हती. नऊ वर्षांत ती त्याच्याशी कधीच बोलली नव्हती. काही सांगायचे तर सासूला किंवा जावेला उद्देशून बोलायचे आणि त्याने ऐकायचे, अशी घरची रीत होती. ती सासूला म्हणाली, "माय, त्यासले सांगा, अंगठा दी टाका. कागदवर काय बी लिखेल ऱ्हास. कागद कोन देखस?"

"देखस," चुनीलाल म्हणाला.

"तुम्हीन बोलू नका. तुमना पगार तीस रुपया शे, तो बी जाई."

सुगंधाबाई धाकट्या सुनेकडे वळली. "धाकली बरोबर बोली ऱ्हायनी. एकना हात गया. दुसराना पोट कसाले जावाले जोयजे? मगन, अंगठा दे. मी पेढा वाटात, मी तुन्ही चूक बी झाकसू. गावमा सांगसू, कंपनीनी पंच्याहत्तर दिधा, मानपान करा."

"मानपान!" मगन म्हणाला.

*

जमनाबाईला अक्षर येत नव्हते, पण हिशेब येत होता. दिवाळीत कुणी विचारले नाही म्हणून तिने तो सांगितला नव्हता. आता ती भाकरी परतताना बोलली, कुणाला उद्देशून नाही.

"ऐंशीमातून चामडं चोवीस. तेल सहा. गोवालना बारा. खोलीना चार. चौतीस ऱ्हातस. ते बी पाच महिना. चाळीस सोडीसन चौतीस लेवाले गयात आपन, आणि फेटा बांधा."

मगनला राग आला तो आकड्याचा नाही. चौतीस त्यालाही माहीत होते, पहिल्या महिन्यातच कळले होते. राग आला कारण तिलाही माहीत होते आणि तीन महिने ती चामड्याचे पैसे मुकाट्याने काढून देत होती.

"मंग तवय का नई बोलनी?"

"कोन विचारं व्हतं? तुम्हीन माले सांगा, आते आपुन मालक शेत. मालकनी बायको हिशेब कसाले करी?"

चुनीलाल उंबऱ्यात बसला होता. आतल्या खोलीतली ही चौतीसची गोष्ट त्याला नवी होती, पण ऐंशीची नव्हती. तो आकडा त्याने सगळ्यांच्या आधी पाहिला होता. तो उठून बाहेर जाणार, एवढ्यात फाटकाकडून गोवाल आला.

गोवाल सातपुड्यातला पावरा आदिवासी. हंगामापुरता बायकोसह उतरायचा आणि जिनच्या कुंपणाला लागून झोपडी टाकायचा. तो दारात थांबला. आत या म्हटल्याशिवाय तो येत नसे आणि आज कोणी म्हटले नाही.

"कसं शे, मिस्तरी?"

"बरं शे," मगन म्हणाला. "तू नसता तं खांदापावत गया असता."

गोवालने मान हलवली. ते बोलायला तो आला नव्हता. थोडा वेळ तो पायाच्या अंगठ्याने उंबऱ्यासमोरची माती उकरत राहिला.

"मिस्तरी, तीन दिन फाटकवाला माले आत लेत नई. म्हनस, तुन्हा मालक पडेल शे, तुले कोन कामवर ठेवी? मी म्हनं, मन्हा मालक कंपनी. तो हासना. तं मी विचाराले उनू. मन्हा मालक कोन? तुम्हीन का कंपनी? तेवढं सांगा. मंग तीन दिनन्ही मजुरी त्यानापाशी मांगसू."

मगनने उत्तर दिले ते विचार न करता. अकरा वर्षे तो हे उत्तर ऐकत आला होता.

"काम नई तं मजुरी कसानी?"

चुलीवरची भाकर करपली. मोंघीबाईने ती उचलली नाही.

जमनाबाई उठली. पिठाचे हात तिने पदराला पुसले आणि नवऱ्याच्या खाटेसमोर उभी राहिली. पुढे जे बोलली ते ती आधी कधी बोलली नव्हती, आणि सासूसमोर तर नाहीच.

"हाई बोलनं कोनं शे? तुमनं का मॅनेजरनं?"

"जमना..."

"त्यानी बांबू टाका. तुमना हात वाचाडा. तीन दिन तो बसेल शे, कारन तुम्ही पडेल शेत. तुम्ही बसेल शेत, कारन मॅनेजर म्हने हात घाल. त्यानं बोलनं तुमले आवडनं नई. मंग तेच बोलनं तुम्हीन याले कसं सांगतस?"

मगनने तोंड भिंतीकडे केले. सुगंधाबाई "वव, दम धर" एवढेच म्हणाली. सुनेला गप्प बस म्हणायची तिची हिंमत झाली नाही, हे तिचे तिलाही कळले. ती जागची सरकून जमनाबाईच्या बाजूला बसली.

मगन भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "तुन्हा मालक मी व्हतू, गोवाल. तीन दिनना मन्हापाशी."

"तुमनापाशी कोठे शेत?" गोवाल म्हणाला. यात टोमणा नव्हता. "तुम्ही बी मजूर, मिस्तरी. कागदवर काय बी लिखा. जत्रामा तुमले बी दंड व्हयना, माले बी व्हयना. एकच खिडकीवर भरा आपन. तुमना दोन रुपया, मन्हा चार आना. मन्हा मुलूखमा ठेकेदार लोकेसले दंड करस. ठेकेदारले दंड करनारा मी काही देखा नई."

चुनीलालने डोके वर केले.

*

दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा भरते. डिसेंबरात मगन दोन दिवस जत्रेला गेला होता, गोवालला बरोबर घेऊन. घोडा घ्यायचा नव्हता. ठेकेदार माणसाने घोडे बघावेत, एवढेच. परत आल्यावर मॅनेजरने विचारले, हजेरीला कोण नव्हते? चुनीलालने दोन नावे सांगितली. मॅनेजर म्हणाला, दंड लिहा. चुनीलालने लिहिला. मगनने खिडकीवर भरला आणि पावतीही मागितली नाही. मॅनेजरला, चुनीलालला आणि मगनला, तिघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. भोंगा वाजला की हजर व्हायचे, गेलो नाही तर दंड भरायचा. दिवाळीत कागद बदलला होता, सवय तीच राहिली होती.

"भाऊ," चुनीलाल म्हणाला, "तू ठेकेदार नईस."

"आते कळनं का तुले?"

"तसं नई. ऐक. ठेकेदार काम कसं करस, ते त्यानं तो ठरावस. किती वाजता येवानं, कोनता चरखा पह्यले, इंजिन चालू का बंद, त्याले कोनी सांगत नई. तुले सांगं. तुले दंड करा. तू नोकर शेस. आणि नोकरले इजा व्हयनी तं कंपनीले भरपाई द्यावी लागस. सरकारना कायदा शे. धुडकूले मिळनी व्हती."

धुडकू हा तेलपाणी करणारा पगारी माणूस. दोन वर्षांपूर्वी शाफ्टात अडकून त्याचा हात मोडला. तो धुळ्याच्या कोर्टात गेला आणि दोनशे दहा रुपये घेऊन आला. जिनमध्ये महिनाभर तेवढाच विषय होता.

"धुडकू पगारी व्हता," मगन म्हणाला.

"म्हनीसन त्याले मिळनं. आणि त्यानाच साठे..." चुनीलाल थांबला.

"बोल."

"त्यानंतर मुंबईथून पत्र उनं. इंग्रजीमा. मॅनेजरनी माले मराठी कराले दिधं. पट्टा, शाफ्ट, चरखा, जठे जठे माणूस कापास, तठला माणसं पगारवर ठेवू नका. उक्तं द्या. रक्कम दुप्पट दिसाले जोयजे, असं लिखेल व्हतं."

मगन उठून बसला. जमनाबाईने आधार दिला, तो त्याने झटकला.

"कधय उनं पत्र?"

"श्रावणमा."

"श्रावणमा. आणि मी दिवाळीले कागदवर सही करी."

"हां."

"तो कागद कोन्या अक्षरमा व्हता, चुनी?"

चुनीलालचे अक्षर वळणदार होते, सगळ्या जिनला माहीत होते. मगनने सही करताना हसून म्हटले होते, मन्हा भाऊनं अक्षर मोतीसारखं शे.

सुगंधाबाईचा हात कपाळाला गेला. "एकाच पोटना," ती म्हणाली. "एकाच पोटना तुम्ही दोन्ही. तुले माहीत व्हतं आणि तू पेढा खादा?"

"माय, मी बोलतू तं मन्ही नोकरी..."

"पेढा खादा का नई, तेवढं सांग."

"खादा."

तेव्हा मोंघीबाई चुलीपासून उठली. पदर डोक्यावर होता, पुढे ओढलेला नव्हता. ती सासूजवळ गेली नाही, जावेजवळ गेली नाही. ती मगनसमोर उभी राहिली आणि त्याच्याशीच बोलली.

"भाऊ, मी बोलस. काय म्हनानं ते नंतर म्हना. यासनी सांगं असतं तं तुम्हीन ऐकतात का? फेटाना रंग तुम्हीन आश्विनमाच ठरावा व्हता. हाई तीस रुपया लेतस म्हनीसन तुम्ही यासले हासतात. पगारी बैल म्हनतात. माले ऐकाले येत व्हतं, मी पदरमा व्हती तरी. यासनी लिखं, ते पाप शे. पन आते यासले कोर्टमा उभं कराले सांगशात, नोकरी जाई, ही खोली जाई, तीन लेकरं शेत. त्याना हिशेब बी सांगा मंग. मोठी बाईनी चौतीसना सांगा, तसा."

मगन तिच्याकडे पाहत राहिला. नऊ वर्षांत तिचा चेहरा त्याने धड पाहिला नव्हता. 'पगारी बैल' तो म्हणाला होता. भाऊबिजेला, सगळ्यांसमोर, आणि चुनीलालही हसला होता.

"तू बरोबर बोलनीस," तो शेवटी म्हणाला. "मी त्याले उभं ऱ्हाय म्हननार नई."

"मंग अंगठा?" सुगंधाबाईने विचारले.

"नई."

"कसाना जोरवर नई?"

"जोर नई शे, माय. पंच्याहत्तर घेतू. दावा नई म्हनीसन बी लिखी देतू. पन हलगर्जी मन्ही, असं लिखीसन त्यावर मन्हा अंगठा? मी तीन खेप सांगं, इंजिन थांबाड."

"तो शब्द खोडाले सांगू का?" जमनाबाईने चुनीलालला विचारले.

"तोच शब्द त्यासले जोयजे, वहिनी. बाकी सगळं त्यासाठे शे."

जमनाबाईने कागद त्याच्या हातातून घेतला. उलटा धरला की सुलटा, तिला कळत नव्हते. तिने तो फाडला नाही, चुलीतही घातला नाही. घडी करून चुनीलालच्याच खिशात परत ठेवला.

"सकाळे दहाले त्याले कोरा दी या," ती म्हणाली. "आणि अर्ज लिखाले कोन वकील शे, ते सांगा. मन्ही सोनानी पाटली शे. गोवाल, तू बी चाल. तू काय देखं, ते तुन्हाच तोंडथून लिखी लिऊत."

"मन्ही तीन दिनन्ही मजुरी?" गोवाल म्हणाला.

"ती बी लिखूत. पह्यले ती."

*

शुक्रवारी सकाळी दहाला चुनीलालने कागद तसाच, अंगठ्याशिवाय, परत केला. मॅनेजरने कारण विचारले नाही. दुपारच्या सुटीत चुनीलालने दंडवहीतले डिसेंबरचे पान उघडले आणि साध्या कागदावर उतरून घेतले. 'मगन नरोत्तम, फिटर, गैरहजर दोन दिवस, रु. २.' त्याच्या लक्षात आले की त्याने 'ठेकेदार' लिहिले नव्हते, 'फिटर' लिहिले होते. नक्कल त्याने जमनाबाईला दिली. तेव्हा तो म्हणाला, "ही फक्त नक्कल शे. मूळ वही कंपनीपाशी. नक्कल खरी शे, असं कोनी कोर्टमा सांगं तरच उपयोग." जमनाबाई म्हणाली, "माहीत शे." त्याने सांगायला यावे, असे ती म्हणाली नाही.

त्याच संध्याकाळी मगन आणि जमनाबाई क्वार्टर सोडून भाड्याच्या खोलीत गेले. सुगंधाबाई मोठ्या मुलाकडे राहिली. लोणखेड्याची गाडी रिकामी परतली.

शनिवारी, २६ जानेवारीला, अर्ज टपालाने धुळ्याला गेला. वकिलाचे पंधरा रुपये पाटलीतून निघाले. अर्जावर गोवालचा जबाब आहे, शेवटी त्याचा अंगठा आहे. त्याची तीन दिवसांची मजुरी अर्जात मागता येत नाही, असे वकील म्हणाला. जमनाबाईने ती मोजून दिली. मगनने ती दिली असे गोवाल सांगतो. प्रत्यक्षात मगन तेव्हा झोपला होता.

३० जानेवारीला दवाखान्यात मगनचे टाके काढले. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत पाना धरता येतो का, हे त्याने दुसऱ्या दिवशी करून पाहिले. धरता येतो, फिरवता येत नाही.

कोर्टाची नोटीस कंपनीला सोमवारी, ४ फेब्रुवारीला, पोचली. सुनावणी १८ तारखेला आहे. कंपनीचे म्हणणे असे की, अर्जदार नोकर नव्हता आणि त्याला कधीही दंड करण्यात आलेला नाही.

मंगळवारी मॅनेजरने चुनीलालला बोलावले. या खेपेला बसा म्हटले नाही. पत्र टाइप केलेले होते. टाइमकीपरची जागा १५ तारखेपासून पगारी राहणार नाही. हजेरीचे काम उक्ते देण्यात येईल. चुनीलाल पाटील यांचा नऊ वर्षांचा अनुभव लक्षात घेऊन कंपनी त्यांना पहिली संधी देत आहे. तीस रुपये पगाराऐवजी महिना पन्नास. क्वार्टर त्याच तारखेला खाली करावे. सर्व वह्या करार होताना कंपनीच्या ताब्यात द्याव्यात, आणि कंपनीच्या कामकाजाबद्दल ठेकेदाराने बाहेर कोठेही काही सांगू नये. नकार असल्यास सेवा संपली असे समजावे.

उत्तराची मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत आहे.

आज गुरुवार. चुनीलालने अद्याप उत्तर दिलेले नाही. तो रोज भोंग्याला हजर होतो, नावे लिहितो. मोंघीबाईने त्याला दोनदा विचारले आहे. जमनाबाईने विचारलेले नाही.